सहावारीवरची मालगाडी

वडगाव, बेळगाव

तीर्थरूप मनुआत्या यांना,

मंजुश्रीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा नव्या घराच्या जिन्याला सरावला असेल आणि मामांचा खोकला निपाणीच्या तंबाखूवर ढकलणं आता बंद झालं असेल, अशी आशा करते. इकडे आम्ही ठीक आहोत. आप्पा बोलत नाहीत, पण ते ठीक असतानाही बोलत नाहीत. (फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर आप्पा शेजारी बसून ऐकतात आणि तुम्ही सगळ्यालाच “बरं, बरं” म्हणता.)

तुम्हाला माहीतच आहे, रस्त्याकडचा माग भंगारात काढायचं आप्पांनी ठरवलंय, आणि गिऱ्हाईक मामांनीच शोधून दिलंय. (मी रागावलेली नाही. थोडी आहे.) त्याच त्या काठांना बायका कंटाळल्या, साडी उठत नाही, असं आप्पांचं म्हणणं. मी म्हटलं, मग नवा काठ काढू. आप्पा म्हणाले, “बी.ए. झालीस न्हवं? मग काड की.” मागावर ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताच्या गुंडाळीचा, शेवटचा बीम चढवलेला होता. तो संपेपर्यंत माझ्या मनासारखा काठ विणायचा, साड्या खपल्या तर माग राहील, नाहीतर जाईल, असं ठरलं. घरातल्या पहिल्या पदवीधराला मिळालेली ही पहिली जबाबदारी. मोर, कोयऱ्या, रुईची फुलं मी बाजूला सारली, कारण ती सगळ्यांनी काढून झालीत. जे मला नीट माहीत आहे तेच काढायचं ठरवलं. आणि मला नीट माहीत आहेत मालगाडीचे डबे.

कॉलेज रेल्वे फाटकापलीकडे, आणि मी पोहोचले की फाटक पडायचं. बाकीच्या पोरी मोबाईल बघायच्या, मी डबे बघायचे. गोल टाकीचा डबा म्हणजे तेल. पोट खाली निमुळतं होत गेलेला म्हणजे खडी. ती तळातूनच रुळांवर ओततात. मधोमध खोलगट असलेला, भरमसाट चाकांचा डबा क्वचितच दिसतो, आणि त्यात एकच अगडबंब ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो. सगळ्यांत नवलाचा डबा म्हणजे खिडक्या पत्र्यानं बुजवलेला. दिसतो प्रवासी डब्यासारखा, पण आत नव्याकोऱ्या मोटारी असतात. शेजारच्या बाळाबाई त्याला कैद्यांची गाडी समजून वर्षानुवर्षं हात जोडत आल्या, “सोडीव रं बाबा त्यास्नी” म्हणून. मी खरं काय ते सांगितलं तर माझ्यावरच उखडल्या. “म्हंजे इतकी वर्सं मी मोटारींसाठी देवाला साकडं घालतीया?” अजूनही हात जोडतातच. मोटारी झाल्या म्हणून काय झालं, अंधारात कुणालाच कोंडू नये, असं त्यांचं मत आहे.

तर असे चार डबे काठावर घेतले आणि इंजिनापाशी अडले. काठाची नक्षी वीतभर अंतरानं पुन्हा पुन्हा येते, म्हणजे एका साडीला डझनावारी इंजिनं. असल्या खोटेपणाला मी तयार नव्हते. म्हणून काठावर नुसते डबे ठेवले आणि इंजिन एकच, पदरावर. (नेसल्यावर ते पाठीवर लोंबतं आणि निऱ्यांमध्ये डबे एकमेकांवर चढतात, हे आईला साडी नेसवल्यावर कळलं. आई म्हणाली, “बग, अपघात झाला.”) त्यात साडीच्या दुसऱ्या बाजूचा काठ आरशातल्यासारखा उलटा येतो. नक्षीसाठी मागाला लावायचे भोकांचे पत्ते पाडणाऱ्या ओमकारदादाला मी बजावलं, टाकी उलटी दाखवली तर तेल सांडेल. तो म्हणाला, “सांडू दे ताई. पायाकडची सुलटी हाय न्हवं?” आप्पा हसले नाहीत. पण कपातला चहा तोंडाशी तसाच धरून राहिले.

पहिल्या साड्या घेऊन आई आणि मी शहापूरला शिवराजशेठांच्या दुकानात गेलो. त्यांनी काठ बोटानं चाचपला आणि म्हणाले, “लोखंड कोण नेसतंय गं?” तेवढ्यात कडोलीहून लग्नाच्या खरेदीला आलेल्या दोघी जावा शेजारी टेकल्या. थोरलीनं काठ ओढून बघितला. “अगं बया, रुखवत हाय की ह्यो!” तिला टाकीत तुपाची घागर दिसली, खडीच्या डब्यात नरसाळं, बंद खिडक्यांच्या डब्यात नवरीची पेटी, आणि मधल्या खोलगट डब्यात चक्क पाळणा. शिवराजशेठांचा चेहरा खुलला. मी तत्त्वाला धरून, अगदी नम्रपणे दुरुस्ती केली, “मावशी, तो पाळणा नाही, ट्रान्सफॉर्मर आहे.” मावशींनी साडी खाली ठेवली. आईनं मला चिमटा काढला. (अजून निळा आहे.)

पण धाकटी म्हणाली, “असू दे. ह्या पेटीत काय असतंय मग?” तिनं विचारलं म्हणून मी सांगितलं, आणि एकदा सुरू केल्यावर सगळंच सांगितलं: तेल, खडी, ट्रान्सफॉर्मर, मोटारी. शिवराजशेठ डोळे मिटून बसले. थोरलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हंजे रुखवतच की गं. भरून कुनाच्या तरी घरला चाललंय न्हवं?” दोघींनी एकेक साडी घेतली.

आता दुकानात ‘रुखवत काठ’ अशी पाटी लागलीय. पाटीला मी हरकत घेतली नाही, पण प्रत्येक साडीच्या घडीत डब्यांची खरी नावं लिहिलेली चिठ्ठी ठेवते. शेठ ती काढतात, मी पुन्हा ठेवते. निम्म्या साड्या गेल्या. निम्म्या अजून आहेत.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना पापे, आणि मधल्या वयाच्यांना जे हवं असेल ते.

आपली भाची,
मंजुश्री (बी.ए.)

ता. क. सोबत एक साडी तुमच्यासाठी आहे. चिकोडीच्या लग्नाला नेसा. मात्र एका जागी बसू नका. बसलात की दोनच डबे दिसतात. पंगतीमधून उगाच फिरत राहा. कुणी रुखवत म्हटलं तर म्हणू द्या.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. मामांचा भंगारवाला शुक्रवारी टेम्पो घेऊन यायचाय. बीम अजून संपलेला नाही. त्याला काहीतरी सांगून थोपवा. मला खोटं बोलणं पटत नाही, म्हणून तुम्ही बोला.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात आप्पा मागे येऊन उभे राहिले. कुणाला लिहितेस विचारलं. आत्याला म्हटलं. मागाकडे बघत म्हणाले, “आक्काला लिव, भंगारवाल्याला येऊ नगं म्हनू नगंस. येऊ दे. पर टेम्पो रिकामा आनू नगं म्हनावं. इचलकरंजीला जाऊन सूत भरून आन.”

कुठल्या रंगाचं लिहू, म्हणून विचारलं. “ते तुजं तू लिव. मला कशाला इचारतीस?”

मोरपंखी सांगा, आत्या. टेम्पो भरून सांगा.