जिथं आपलं कोणी नाही असं धरण

१ डिसेंबर २०२५, सोमवार

हे काल रिटायर झाले. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. अडतीस वर्षं पाइपच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलं आणि भेट काय, तर घड्याळ! आता वेळ बघून करायचं काय या माणसानं?

संध्याकाळी मला विचारतात, "तुला काय पाहिजे ते सांग. सोन्याचं काही?" मी मेथी निवडत होते. तोंडातून निघून गेलं — मला दोन दिवस अशा ठिकाणी न्या, जिथं आपल्याला कोणी ओळखत नाही.

मला वाटलं, हे दुखावले. मग म्हणाले, "म्हणजे हॉटेल?" म्हटलं, हॉटेलच्या भिंती बघायला कशाला जायचं. पाणी पाहिजे, झाडं पाहिजेत. आणि दार नको. दार असलं की कोणीतरी ते वाजवतं.

चौतीस वर्षं हे घर म्हणजे दोन्हीकडच्या गोतावळ्याची धर्मशाळा. स्टँड जवळ, दवाखाने जवळ, सराफ बाजार जवळ. कोणाचं ऑपरेशन, कोणाचा बस्ता, कोणाची परीक्षा — जळगावात उतरायचं ते प्रेमराजभाऊंकडे, म्हणजे यांच्याकडे. आलेल्याला मी पाणी दिल्याशिवाय कधी बसवलं नाही. त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला लिहू. पण आम्ही दोघंच, सलग दोन दिवस, असं एकदाही झालं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात यांचे मामा मूळव्याध दाखवायला आले होते.

३ डिसेंबर

पुण्याला भाविकाला फोन केला. आधी पोट धरून हसली. आपलीच पोर, काय करणार. मग म्हणाली, "आई, कॅम्पिंगला जा. तंबूत राहा." लगेच अकरा फोटो पाठवले, सगळे पुण्याकडचे. म्हटलं, तिकडे गेलो आणि तुझ्या पिंपरीच्या मावशीला कळलं तर? "मग खानदेशातच शोधा," म्हणाली.

खानदेशात! जिथं बसमध्ये शेजारी बसलेला माणूस तीन प्रश्नांत आपला व्याही निघतो.

६ डिसेंबर, शनिवार

शोध सुरू. हे म्हणाले, पाटणादेवी. जंगल आहे, नदी आहे, सगळं खरं. पण चाळीसगावला माझा भाऊ गिरधर राहतो. त्याच्या गावातून जायचं आणि चहाला थांबायचं नाही? आणि थांबलं की वहिनी म्हणणार, देवीला निघालात तर आम्हीही येतो, नैवेद्य करू. म्हणजे जीप भरून माणसं. पुरण कोण वाटणार, ते मला विचारू नये. पाटणादेवी रद्द. देवी रागावणार नाही, ती समजूतदार आहे.

तोरणमाळ — वाटेत दोंडाईचा. तिथे यांचे दोन चुलतभाऊ. रद्द.

७ डिसेंबर, रविवार

आज यांनी घोळ घातला.

अनेर धरण जवळजवळ ठरलं होतं. मोठं पाणी, भोवती जंगल. मी आंघोळीला गेले तेवढ्यात यांनी "धरणात पाणी किती आहे" हे विचारायला फोन केला. कोणाला? अक्कांना! अक्का म्हणजे यांची मोठी बहीण ताईबाई. त्यांचं गाव त्या धरणापासून सहा किलोमीटर, हे मी विसरले आणि यांना ते आठवलं ते असं.

अक्का म्हणजे आमच्याकडे येणाऱ्यांतल्या सगळ्यात कडक पाहुण्या. त्यांना चहात साखर कमी लागते, भाजीत तिखट कमी लागतं, आणि मीही त्यांना थोडी कमीच वाटते.

मी बाहेर आले तर फोन स्पीकरवर. "भाऊ, तुम्ही तंबूमा झोपशात? मन्हं घर काय पडी गयं का?" हे म्हणतात, तसं नाही अक्का. "मंग कसं शे? लोके काय म्हनतीन, बहीननं घर सोडीसन धरनवर झोपनात?" आणि फोन बंद.

हे एवढंसं तोंड करून बसले. मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. अक्कांचा गुडघा फार दुखतो. याच महिन्यात त्या दाखवायला येणार होत्या. आता कसल्या येतात.

८ डिसेंबर

अक्कांनी फोन उचलला नाही. दोनदा केला.

९ डिसेंबर, मंगळवार

आज मी डोकं चालवलं.

लग्नपत्रिका मी टाकत नाही. वर गणपती असतो, कचऱ्यात कशा टाकणार? चौतीस वर्षांच्या पत्रिका पेटीत पडून आहेत. भाविकाचा शाळेतला नकाशा काढला, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचा. एकेक पत्रिका उघडायची, गाव बघायचं आणि नकाशावर त्या गावाला टिकली लावायची. लाल, बारीक, पाकिटातली.

सलीमाभाभी शेजारून ब्लाउज द्यायला आली. तीही बसली. ती गाव वाचायची, मी टिकली लावायची. टिकल्यांची दोन पाकिटं संपली, तिनं घरून तिसरं आणलं. "ताई, याला तर गोवर आला," म्हणाली. खरंच, दोन्ही जिल्हे गोवर निघाल्यासारखे दिसत होते. गिरणाकाठ भरला, तापीकाठ भरला, पांझरेलाही जागा उरली नाही.

फक्त वर, मध्य प्रदेशाच्या कडेला, सातपुड्याचा हिरवा पट्टा कोरा राहिला. तिथे आमच्यातल्या कोणी मुलगी दिली नाही की केली नाही. आणि त्या हिरव्यात निळ्या रंगाचा एक लहानसा ठिपका. धरण!

मी नकाशाचा मुका घ्यायची बाकी होते. सलीमाभाभी बसली होती म्हणून राहिलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ठरलं. सातपुड्यातल्या पाल गावाच्या पुढे, पाड्यावरच्या लोकांनी धरणाकाठी तंबूची सोय केली आहे. परवानगी वगैरे सगळं तेच बघतात. अभिमन नावाचा माणूस फोनवर होता. म्हणाला, तीन जागा आहेत — एक पाण्यालगत, एक सागात, एक टेकाडावर. आल्यावर बघून ठरवा. मग विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

मी म्हटलं, जळगाव. "नाही, मूळ गाव?"

मी फोन कट केला. मग लाज वाटली. पुन्हा करून सॉरी म्हटलं.

१५ डिसेंबर

ही गोष्ट मी कोणाला बोलणार नाही म्हणून इथे लिहिते.

मला भीती वाटतेय. जंगलाची नाही. आमच्या दोघांतलं सगळं बोलणं पाहुण्यांबद्दल असतं — कोण येणार, कुठे झोपणार, दूध किती आणायचं. पाहुणे काढून टाकले तर खाली काही उरलंय का, मला माहीत नाही. दोन दिवस नुसतं पाण्याकडे बघत बसलो आणि काही बोलायला सुचलंच नाही तर? तर मग पुढची सगळी वर्षं तशीच जाणार. आता तर हे घरीच असणार.

वाटतं, न जावं हे बरं. नाही गेलं तर कळणारही नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

बॅग भरली. सलीमाभाभीनं तिची गोधडी दिली. थंडी मरणाची असते म्हणाली तिकडे. चावीही तिच्याकडेच ठेवली.

"कोणी आलं तर काय सांगू?"

"गावाला गेले म्हणा."

"कोणत्या गावाला?"

"तेच सांगायचं नाही."

अक्कांना आज पुन्हा फोन केला. उचलला! मी सगळं खरं सांगून टाकलं — राग मानू नका, तुमच्या घराला काही नाव नाही ठेवलं, दोन दिवस फक्त आम्ही दोघं राहावं असं वाटलं, रविवारी संध्याकाळी परत येतोय. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग "बरं" म्हणून ठेवला. त्या बरंचा अर्थ मला लागला नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार. धरणावरून!

एसटीत मी कॉलेजच्या मुलींसारखा तोंडाला स्कार्फ बांधून बसले. फैजपूरला एक आबा यांच्या शेजारी येऊन बसले आणि पहिलाच प्रश्न, "कोन गाव?" हे माझ्याकडे बघतात. मी डोळे वटारले. तर हे त्या म्हाताऱ्याला अगदी गंभीरपणे सांगतात, "सांगायला मनाई आहे." तो बिचारा पुढच्या सीटवर जाऊन बसला. आम्ही रावेर येईपर्यंत हसत होतो.

अभिमननं तिन्ही जागा दाखवल्या. पाण्यालगतची सुंदर, पण पहाटे तंबू दवानं भिजतो म्हणाला. सागातली सावलीची, पण वाळलेला पाला वाऱ्यावर असा वाजतो की वाटतं कोणीतरी चालत आलं. हे तिथेच थांबले असते. मी म्हटलं, कोणी आल्याचा आवाज मी चौतीस वर्षं ऐकलाय, पुरे.

टेकाडावरची घेतली. अंजनाचं मोठं झाड, जमीन कोरडी, उतार असा की पाऊस आला तरी पाणी खाली वाहून जाईल. समोर धरण, आणि डावीकडे नदी त्यात उतरते ती जागा. आणि तिथून वाट दिसत नाही! अभिमन तंबूचं दार वाटेकडे करायला निघाला होता, म्हणजे जेवण आणताना बरं पडतं. मी म्हटलं, दार पाण्याकडे. वाटेकडे पाठ.

जेवण अभिमनच्या घरून आलं, बाजरीची भाकरी आणि लसणाची झणझणीत चटणी. मला हातांचं काय करावं ते कळेना. शेवटी त्यांच्यावर बसले. खरंच, मांडीखाली हात घालून बसले.

बोललो मात्र फारसं नाही. "थंडी आहे." "हो, आहे." एवढंच.

२० डिसेंबर, शनिवार

उजाडताच पाण्यावर गेलो. धुकं पाण्याला चिकटून होतं. कुठला तरी काळा पक्षी बुडी मारायचा आणि हे बोटानं दाखवायचे तिथे कधीच वर यायचा नाही. पाच वेळा पैज हरले. सहाव्यांदा मी हरले. त्यांनी टाळी दिली मला! मुलांसारखी.

मग किटलीतला चहा घेऊन दगडावर बसलो, आणि हे एकदम म्हणाले, "घरी पाहुणे असले की मी गच्चीवर झोपायचो ना. खालून तुझी शेवटची भांडी वाजायची. मग मोरी धुतल्याचा आवाज. तो आला की मी डोळे मिटायचो. त्याच्याआधी झोप नाही यायची."

मी विचारलं, मग खाली यायचं ना हात लावायला.

"पाहुणे काय म्हणाले असते?"

"काय म्हणाले असते?"

त्यांनी पाण्याकडे बघत चांगला विचार केला. "काहीच नसते म्हणाले," म्हणाले.

आणि उठून दोन्ही कप विसळून आणले. मी रडले थोडी. सुखानंच. वर जाताना यांनी हात धरला, चढ होता म्हणून. वर सपाटी आली तरी सोडला नाही.

मग जे बोलायला लागलो ते दिवसभर. भाविकाबद्दल, यांच्या कारखान्यातल्या एका माकडाबद्दल (स्टोअरमध्ये रोज चारला यायचं म्हणे, मला कधी सांगितलंच नाही), मला लहानपणी पोहता यायचं त्याबद्दल. यांना हे माहीतच नव्हतं! चौतीस वर्षं! दुपारी उन्हात काठाशी गुडघाभर पाण्यात उभी राहिले. पुढच्या वेळी पोहणार आहे, लिहून ठेवते.

पाहुण्यांचं नावही निघालं नाही. म्हणजे, एकदा निघालं. यांनी विचारलं, अक्का आत्ता काय करत असतील.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळ

निघायचं जिवावर आलंय. यांनी अभिमनला आपलं मूळ गाव सांगून टाकलं. तो म्हणाला, नाही बुवा, तिकडे आमचं कोणी नाही. किती बरं वाटलं ऐकून!

२१ डिसेंबर, संध्याकाळ

पाचला पोचलो. दार उघडं. उंबऱ्याशी अक्कांच्या चपला.

झालं! आले पाहुणे. मी स्कार्फ सोडत थेट स्वयंपाकघराकडे निघाले, नेहमीसारखी. तर अक्का भिंत धरत धरत, तो दुखरा गुडघा ओढत समोर आल्या. हातात पाण्याचा तांब्या. सलीमाभाभीकडून चावी घेऊन दुपारीच आल्या होत्या.

"तठे जाऊ नको. सयपाक व्हई गया. बठ, पयले पानी पी."

मी पुढच्या खोलीत बसले, पाहुणे बसतात त्या खुर्चीवर. या खुर्चीवर फॅनचा वारा लागत नाही, हे मला आज कळलं.

"मन्हा घर बी बठ्ठा पाव्हना येतस," अक्का म्हणाल्या. "माले म्हाईत शे." मग समोर बसल्या. "आते सांग, काय काय देखं?"

मी दोन तांबे पाणी प्यायले आणि सांगायला लागले.