शब्दाचा पक्का

भिंगार, ता. २० जानेवारी १९४६

चि. दया हीस,

दादाचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. वि. वि. तू जामखेडला सुखरूप पोचल्याचं कळलं. मोटारीतल्या धुळीनं खोकला वाढला असेल; सुंठ घे, आणि शाळेतल्या पोरांवर खेकसू नकोस. तुझी वहिनी म्हणते, दया गेली आणि आमटीला नावं ठेवायला कोणी उरलं नाही.

बाबांच्या कबरीच्या दगडाचं ठरवायचं आहे. सहादेव पाथरवट पुढच्या आठवड्यात कामाला हात घालतो. नावाखाली ‘शब्दाचा पक्का’ एवढंच कोरावं असं मनात आहे. बाप्तिस्मा घेतला म्हणून आजोबांनी त्यांच्या नावानं जिवंतपणी अंघोळ केली, तरी बाबा डगमगले नाहीत. आपल्या धाकट्या बहिणीनं हिंदू मुलाशी, शामकांताशी, लग्न केलं, तेव्हा तिचं नाव पुन्हा घेणार नाही अशी त्यांनी पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ वाहिली आणि आपल्या दोघांनाही वाहायला लावली.

एक गोष्ट पाहुण्यांच्या गर्दीत सांगायची राहिली. नाताळानंतर बाबांना भ्रम झाला. दिवेलागणीला तिचं नाव घेऊन, आली का म्हणून विचारायचे, दार उघडं ठेवा म्हणायचे. फार वाईट वाटे. शेवटी मी जवळ बसून त्यांना शपथेची आठवण करून दिली. त्यांनी मान हलवली, भिंतीकडे तोंड केलं, आणि पुन्हा ते नाव काढलं नाही. त्यांचा शब्द राखला, याचं समाधान आहे. तुझी संमती कळव.

बाबांमागे तुला मीच, विसरू नकोस.

तुझा दादा,
अब्राहाम

जामखेड, ता. २६ जानेवारी

प्रिय दादा यास,

दयाचा सप्रेम सलाम. वि. वि. खोकला आहे, खेकसणंही आहे. तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. पुढचा तास मला घेववला नाही.

भ्रम कसला, अरे! बाबा तेव्हाच तर शुद्धीवर आले होते. फार कडक माणूस. चहा गोड झाला तर आईशी दिवसभर बोलत नसत. मी अजून मोठ्यानं हसले की मागे वळून पाहते. पण ताप आला की उशाशी बसून पट्ट्या बदलणारेही तेच. आजोबांनी केलं ते त्यांना जन्मभर सललं, आणि पोटच्या पोरीला त्यांनी तेच केलं. उभ्या जन्मात एकदाच त्यांना आपला शब्द मोडावासा वाटला. तो तू त्यांना मोडू दिला नाहीस. पुणं काय विलायतेत आहे? तिला एक तार करायची होतीस, दादा.

ते शब्द कोरायला माझी संमती नाही. शपथ मीही वाहिली होती, आज मोडते. एलीला सगळं लिहिलं आहे, उघड्या दाराचंसुद्धा. दगडावर मुलांची नावं घालशील तर तिघांची घाल.

वहिनींना सलाम. भयंकर रागावले आहे, तरी तुझीच,
दया

पुणे, ता. ४ फेब्रुवारी

प्रिय दादा यास,

एलीचा सलाम. वि. वि. माझी आजवरची पत्रं न फोडता परत आली. हे तरी फोड. बाबा गेल्याचं मला दयाताईच्या पत्रातून कळलं.

शामकांत म्हणाले, आजच निघू. मी नको म्हटलं. आता कोणाला भेटायला यायचं? दगडावर तुला हवं ते कोर. माझं नाव घाल, नको घाल. मला त्याचं काही नाही. बाबांनीच तुला असं वाढवलं, तुला तरी काय बोलू?

पण एवढं ऐक. पोस्टमन गल्लीत शिरला की मी हातातलं टाकून दाराशी जायची. नुसतं ‘ये’ एवढं लिहून आलं असतं तरी नेसत्या लुगड्यानिशी निघाले असते. छोटा विचारतो, सगळ्यांना आजोबा असतात, मला का नाहीत. मी सांगायची, आहेत, बोलावतील. आणि बोलावलं होतं रे त्यांनी.

हाक माझ्या नावाची होती, दादा. तिला ओ तू दिलीस.

लोभ ठेव असं लिहायची रीत आहे. आज हात धजत नाही.

एली