वीस लिटरच्या डब्याला बांधलेले दांपत्य

प्रति,
मा. तळ अधिकारी,
सरोवरकाठ सार्वजनिक तंबूतळ,
मुख्य फाटकाशेजारील कार्यालय.

विषय : जागा क्र. १४ वरील सांडपाण्याच्या डब्यास सील ठोकताना अर्जदार दांपत्यासही अडकवून ठेवल्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाच्या दि. ३ ते दि. २१ या काळातील एकोणीस नोटिसा.
२) सांडपाणी नियमपुस्तिका, नियम ४ व नियम ७.

महोदय,

१. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची अर्जदारास सवय नाही. म्हणून आधीच नमूद करण्यात येते की, या अर्जातील आदराची वाक्ये केवळ पद्धत म्हणून घातली आहेत. ती आपण मनावर घेऊ नयेत.

२. अर्जदार मलनिस्सारण विभागातून एकतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाला आहे. त्याच्या पत्नीने आजवर समुद्र पाहिलेला नाही, कारण अर्जदारास दर सुटीत कुठले ना कुठले गटार तुंबल्याचा निरोप येत असे. तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली असून दि. २५ रोजी सकाळी तिला रुग्णालयात दाखल व्हायचे आहे. पुढे कित्येक महिने वाळूत पाय ठेवायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. त्याआधी तीन आठवडे समुद्रकाठी काढावेत म्हणून अर्जदाराने घडीची तंबूगाडी घेतली. ही मोटारीमागे जोडायची बुटकी पेटी. हँडल फिरवले की छत वर येते आणि कापडी भिंती ताणल्या जातात. आत दोन खाटा, एक शेगडी आणि एक वीतभर बेसिन. बेसिनचे पाणी नळीवाटे बाहेर ठेवलेल्या वीस लिटरच्या डब्यात पडते. असे हे विंचवाचे बिऱ्हाड समुद्राकडे जाताना वाटेत आपल्या तळावर केवळ एका रात्रीसाठी टेकले होते.

३. दि. २ रोजी सकाळी, चहा उकळत असताना, आपले निरीक्षक आले. गाडीखाली बशीएवढा ओलावा पाहून त्यांना झालेला आनंद अर्जदाराच्या आजही डोळ्यांपुढे आहे. तो ओलावा बर्फपेटीचा होता. अर्जदाराच्या पत्नीने त्यांना पेटी उघडून दाखवली व म्हटले, "अहो साहेब, बर्फ वितळला की त्याचं पाणीच होतं, दुसरं काय होणार?" निरीक्षकांनी वहीत "संशयित द्रव" असे लिहिले. मग सुतळी काढली, ती डब्याच्या कडीतून व नळीतून ओवली, आणि बांधायला दुसरे काही सापडेना म्हणून छताच्या हँडलला गुंडाळून वर लाखेचे सील मारले. हँडल फिरत नाही म्हणून छत खाली येत नाही; छत वर असेल तर गाडी ओढता येत नाही. जाताना ते म्हणाले, "चौकशी होईपर्यंत कुठं हलायचं नाही." ही चौकशी आज एकोणीस दिवस चालू आहे. म्हणजे चालू असावी, असा अर्जदाराचा भाबडा समज आहे.

४. मुक्कामाची मुदत संपूनही जागा सोडली नाही, म्हणून आपले कार्यालय दररोज एक नोटीस चिकटवते. त्याच नोटिशीत, नियम ४ नुसार डबा रोज रिकामा केला नाही, म्हणून दुसरा ठपका असतो. सील तोडल्यास तिसरा ठपका तयार आहे, हे नोटिशीच्या तळाशी ठळक अक्षरांत छापले आहे. प्रयोगशाळेने नमुना मूळ डब्यासह मागवला आहे, आणि नियम ७ म्हणतो, "चौकशी पूर्ण होईपर्यंत भांडे जागेवरून हलवू नये." चौकशी नमुन्यावाचून होत नाही आणि नमुना चौकशीवाचून हलत नाही. डबा मात्र उन्हात फुगला आहे. झाकणाच्या फटीतून जे येते त्यास वास म्हणणे हा वासाचा अपमान होईल.

५. दरम्यान अर्जदार भांडी टोपात विसळतो आणि ते पाणी दोन्ही हातांनी सांभाळत, बेचाळीस पायऱ्या चढून, आपल्या सांडपाणी कुंडीत नेऊन ओततो. कुंडी आपल्या कार्यालयामागेच आहे. तिथून परतताना आपल्या कार्यालयातील चहाच्या मोरीची नळी दिसते. ती भिंतीतून बाहेर येऊन थेट झुडपात सुटते आणि झुडपातून ओघळ सरोवरात उतरतो. अर्जदाराची नजर वाईट नाही. एकतीस वर्षे तिला तेवढेच पाहायला शिकवले आहे. दिव्याखाली अंधार असतो हे त्यास माहीत होते, दिव्याखाली मोरी असते हे इथे कळले.

६. आता एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. नियम ७ अर्जदारानेच लिहिलेला आहे. बावीस वर्षांपूर्वी, जेवणानंतरच्या पेंगेत, कारखान्यांच्या मोठ्या टाक्यांसाठी. आपल्या कार्यालयाने तो जसाच्या तसा उतरवून घेतला, त्यातल्या पेंगेसकट. अर्जदारही त्या काळी लोकांना "कुठं हलायचं नाही" असे सांगून जेवायला घरी जात असे. ती माणसे किती दिवस बसून राहिली, याची त्याने कधी चौकशी केली नाही. करावे तसे भरावे, याबद्दल त्याची तक्रार नाही. पण भरायला त्याची बायको सोबत बसली आहे. तिने काय केले होते? त्याच्या डब्यांत एकतीस वर्षे पोळी-भाजी भरली, एवढेच. त्याची अर्जदारास लाज वाटते.

७. काल संध्याकाळी अर्जदाराने तिला नियम ७ मोठ्याने वाचून दाखवला. तिने गुडघे चोळत तो दोनदा ऐकला आणि म्हणाली, "अहो, भांडं हलवायचं नाही असं लिहिलंय ना? मग आपण काय भांडी आहोत?" नियम लिहिणारा, उतरवणारा आणि राबवणारा, या तिघांच्या डोक्यात एकोणीस दिवसांत जे शिरले नाही, ते तिला दोन वाचनांत कळले.

८. सबब, ही विनंती नसून कळवणे आहे. उद्या दि. २२ रोजी सकाळी अर्जदार तंबूगाडी सोडून मोटार घेईल आणि पत्नीसह समुद्राकडे निघेल. जाण्याचा एक व परतण्याचा एक दिवस वजा जाता तीन आठवड्यांतला एकच दिवस हाती उरला आहे, तो तिचा आहे. तंबूगाडी, डबा, सुतळी व सील आपल्या ताब्यात, जागेवर, जसेच्या तसे राहतील. यापुढील नोटिसा आपण आपल्याच नावे काढून आपल्याच दारावर चिकटवाव्यात.

आपल्या नियमाचा जनक आणि
आजपुरता आपला नम्र,
(सही)
अर्जदार, जागा क्र. १४
दि. २१, सायंकाळ

सोबत : १) नोटिसा, एकोणीस. २) तंबूगाडीच्या दाराची किल्ली. ३) पाऊस आल्यास कापडी खिडक्या आतून लावून घ्याव्यात, अशी पत्नीची सूचना.

ता. क. : आज संध्याकाळचे दोन कप अर्जदाराच्या पत्नीने विसळले. ते पाणी तिने कुठे ओतले हे अर्जदाराने पाहिले नाही, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलेही नाही.