कोल्बीचा कोट

रविवार, १ फेब्रुवारी
दुपारी मिझुरीत माझ्या मुलाच्या, कोल्बीच्या घरी पोहोचलो. घर लहान, पण उजेड भरपूर. शेजारच्या लोर्नाने मक्याचा गरम पाव आणून ठेवला होता. बर्फावर गाडी घसरून माझा कोल्बी गेला, तेव्हापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवलो. मागच्या खोलीत, काचेच्या पिंजऱ्यात त्याची मेबल आहे. माझ्या दुप्पट लांबीची अजगरीण. सर्पोद्यानाची माणसं तिला शनिवारी नेतील. तोवर मी सांभाळायचं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
लोर्ना कोल्बीची जोडीदार होती, मेबलला उचलण्यापुरती. तिने रीत शिकवली. एकट्याने पिंजरा उघडायचा नाही. आधी लांब आकड्याने अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे तिला कळतं की हे जेवण नव्हे. विळखा पडलाच तर शेपटीकडून सोडवत यायचं, तेही दुसऱ्या माणसाने. मी मेबलला बाळ म्हणालो, तर लोर्ना म्हणाली, अहो, हे बाळ तुम्हाला न चावता गिळेल. दोघांनी मिळून उचललं. ओझं उचलताना कोल्बीही असाच ओठ चावायचा, म्हणाली. मी जरा बाहेर जाऊन आलो.

बुधवार, ४ फेब्रुवारी
गॅरेजमध्ये, फ्रीझरशेजारी कोल्बीचा कोट सापडला. घालून पिंजऱ्यासमोरून गेलो. मेबल डोकं उचलून काचेलगत माझ्याबरोबर सरकत आली. तिने त्याला ओळखलं. लोर्नाला सांगितलं, तर तिचा चेहरा उतरला. ससे खायला घालतानाचा कोट तो, सशांचा वास मुरलाय त्यात, घरात आणायचाच नाही, म्हणाली. ती कोल्बीला नाही हो, सशाला ओळखते. सापाला कुणाची आठवण येत नसते. कोट तिने स्वतः परत नेऊन टांगला.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
झोप नाही. मेबल दाराकडे तोंड करून पडून असते. काचेवर तिच्या नाकाचे डाग. मला तिची भीती वाटते. लोर्नाचं खरं असेल. पण त्याची वाट बघणारा मी एकटाच — हे मला —

शनिवार, ७ फेब्रुवारी
माणसं दुपारी येतील. लोर्ना कामावर. कोट घातलाय. निरोपापुरता.
पिंजरा उघडून खुर्चीत बसलो. आकडा घेतला नाही.
ती उतरली. सावकाश.
बाहीपाशी जीभ. हाताकडे बघतही नाही —
मान मागे घेतली.

डावा हात विळख्यात गेला. कोट काढता येत नाही. घट्ट. लहानपणी कोल्बी असाच मिठी —
शेपटीकडून सोडवायचं. दुसऱ्या माणसाने. दुसरा माणूस