माझी सरळ रेघ

३ मार्च, सोमवार
भूकंप केंद्रात पहिला दिवस. महिनाभर ट्रायल. जमिनीचे हादरे टिपणारा नवा सेन्सर आणि ते स्क्रीनवर उतरवणारा डिजिटायझर माझ्या एकट्याच्या ताब्यात. वीस तारखेला पलीकडच्या खाणीत सुरुंग उडणार. तो नीट रेकॉर्ड झाला की नोकरी पक्की. नाहीतर परत दाजींच्या दुकानात, टायरमध्ये हवा भरायला. ताई म्हणाली, नीट वाग रे बाबा, तुझी जागा यांनी रिकामीच ठेवलीय. सख्खी बहीण आहे ही!

४ मार्च
मॅन्युअल मिळालं. ऐंशी पानं. डोकं नसलेल्यांची सोय. टेबल हलत होतं, त्याच्या पायाखाली घातलं. आता टेबल एकदम टाइट.
सेटिंग केलं. गेन, म्हणजे हादरा किती मोठा करून दाखवायचा ते, फुल्ल. सेकंदाला पाचशे नोंदी. फिल्टर होते तेवढे सगळे चालू. कंजूषपणा आपल्याला जमत नाही.
रेघ सुरू. फूटपट्टीनं मारल्यासारखी सरळ.

५ मार्च
शेजारच्या खोलीत जुनं मशीन. ते सांभाळणाऱ्या सीनियरला मी मनात चष्मा म्हणतो. त्यांची रेघ सारखी थरथरते. विचारलं, काका, मशीनला ताप आलाय का? म्हणाले, जमीन कायम हलतच असते, बाळा. तुझी हलत नाही म्हणजे काहीतरी चुकलंय, मॅन्युअल बघ.
जळतात. वीस वर्षं झाली, एक रेघ सरळ करता आली नाही.

११ मार्च, दुपारी १.१०
चष्मा जेवायला गेले. त्यांच्या सेन्सरशेजारी उड्या मारल्या. दोन छोट्या, मग स्टुलावरून एक मोठी. स्क्रीनवर काय डोंगर उठले! चष्मा आले, बघितलं, हात न पुसताच केंद्रप्रमुख मॅडमना फोन. रिपोर्ट थेट हेड ऑफिसला. मी संडासात जाऊन पोट धरून हसलो.
माझ्या खोलीत रेघ ढिम्म. भिंतीपलीकडे एवढा धुमाकूळ, हिला हूं नाही की चूं नाही. म्हणजे माझ्या सेटिंगला भूकंप कुठला आणि थट्टा कुठली ते कळतं. असं अजून कुणाला जमलं नसेल.

१४ मार्च
हेड ऑफिस म्हणतं, बाकी एकाही केंद्रात दिसला नाही, तुमच्याकडेच कुठून आला भूकंप? चष्म्यांना झापलं. वाईट वाटलं. पाचेक मिनिटं.

२० मार्च, सकाळी ११.१५
सुरुंग उडाला. काचा वाजल्या, माझा चहा सांडला. चष्म्यांच्या स्क्रीनवर डोंगर. माझी रेघ सरळ. मॅडमना समजावलं, सुरुंग म्हणजे काही भूकंप नव्हे, माझं मशीन असं फसत नाही. मॅडमनी फक्त मॅन्युअल मागितलं.
टेबल उचलून काढावं लागलं. पान दोन, मोठ्या अक्षरांत. प्रवासात धक्का लागू नये म्हणून सेन्सरच्या आतलं वजन तीन स्क्रूंनी आवळलेलं असतं. आधी ते सैल करा.
सतरा दिवस मी एक आवळलेला डबा सांभाळत होतो. कुणी सांगायचं नाही?

दुपारी ४
अजून चान्स आहे. मॅडमनी स्क्रू सैल केले, गेन कमी केला. रेघ थरथरायला लागली. म्हणाल्या, बघू, उडी मार. मारल्या. जोशात, सवयीनं. दोन छोट्या, मग स्टुलावरून एक मोठी. एकदम क्लिअर डोंगर!
मॅडम बघतच राहिल्या. मग चष्म्यांचा अकरा तारखेचा रेकॉर्ड उघडून शेजारी ठेवला. दोन छोटे, एक मोठा. मधलं अंतरसुद्धा तेच.
चष्म्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

२२ मार्च, सकाळी ८
दुकान. दाजी म्हणाले, कुठल्या टायरला किती हवा ते भिंतीवर लिहिलंय, आधी वाच.
वाचलं. पूर्ण. ताईला कळता कामा नये.