हौदाचा तळ

प्रिय सेगामेत्सी,

पाकीट उलटवून माझं नाव वाचलंस की तुझ्या मनात पहिलं येईल, मोसिदीला पत्र लिहायची वेळ का आली, तिचा फोन बिघडला की काय? फोन नीट आहे गं. मीही नीट आहे. तिरोही बरा आहे, होता त्यापेक्षा पुष्कळच बरा आहे. पण फोनवर माझी जीभ कशी पळवाटा काढते ते तुला चांगलं ठाऊक आहे. कागदावर खोडलेलं दिसतं तरी. म्हणून दोन दिवस झाले, स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहिते आहे आणि खोडते आहे.

आमच्या मागच्या अंगणातला पोहण्याचा हौद तू कधी पाहिला नाहीस. बोलावलं तरी तू प्रिटोरियाला आली नाहीस, आणि मीही कधी फार आग्रह केला नाही. घर घेतलं तेव्हा हौद त्याच्याबरोबरच आला. तिरोला कोण आनंद झाला होता! जन्मभर बस चालवली, घामाने भिजलेल्या सीटवर बसून दुसऱ्यांचे हौद कुंपणांवरून पाहिले, आता स्वतःचा मिळाला. तो रोज पहाटे पोहायचा. मी मात्र अकरा वर्षांत त्या पाण्याला बोट लावलं नाही. कपडे वाळत घालायलासुद्धा मी भिंतीच्या कडेकडेने जायची. तिरो थट्टा करायचा, "बाईसाहेब, ते पाणी आहे, साप नव्हे." मी म्हणायची, साप असता तर मारता आला असता.

मागच्या थंडीत त्याला पक्षाघाताचा झटका आला हे तुला माहीत आहे. उजवा पाय गेला, उजवा हात अर्धा गेला, बोलणं तोंडात गोटी धरल्यासारखं झालं. तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली मी, पण स्वतःचा माणूस पलंगावर पाहिला आणि सगळी विद्या विसरले. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी हुशार आहे. ती एकदा खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मा, अंगणात औषध आहे आणि तुम्ही मला दवाखान्यात शोधायला लावताय! पाण्यात यांचं वजन उरणार नाही, पाय हलवता येईल. पण हे पाणी? यात मी बेडूकसुद्धा उतरवणार नाही."

खरंच होतं तिचं. तिरो आजारी पडल्यापासून हौदाकडे कुणी पाहिलं नव्हतं. आधी पानं पडली, मग ऑक्टोबरात शेजारचा नीलमोहर फुलला आणि सगळी जांभळी फुलं हौदात सडली. वरून गारांचा पाऊस. पाणी मेंढीच्या डोळ्यासारखं हिरवट आणि गढूळ झालं होतं. जुनं नळीचं यंत्र होतं, भिंतीतल्या पंपाच्या जोरावर टकटक करत फिरणारं, पण त्याची नळी उन्हाने तडकली होती, आणि पंप चालायला वीज लागते. आमच्याकडे वीज म्हणजे पाहुणी! येते, बसते, चहा व्हायच्या आत उठते. लांब दांड्याचा ब्रश घेऊन कडेला उभं राहावं, तर माझे गुडघे पाण्याजवळ गेले की आपोआप मागे सरतात. मग त्या व्यायामवाल्या मुलीनेच सुचवलं, बिनतारेचं यंत्र घ्या. रोबो. वीज असेल तेव्हा बॅटरी भरून ठेवायची, नसेल तेव्हा पाण्यात सोडायचं. तळ घासतं, भिंतीवर चढतं, घाण पोटात भरून घेतं.

किंमत ऐकून तिरो पलंगावरून गोटी धरल्या तोंडाने म्हणाला, "एवढ्यात दोन गाई येतील. गाई वासरं तरी देतात."

मी म्हटलं, "गाय तुला चालायला शिकवणार आहे का?"

"आणि हे लोखंडी कासव शिकवणार?" म्हणाला. आठ दिवस हेच. तो नको म्हणायचा आणि मी हो म्हणायची नाही. खरं सांगू, मलाही ते नको होतं. हौद स्वच्छ झाला की कुणीतरी त्यात उतरणार. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, माझं माणूस पाण्यात उतरणार. घ्यायचं की नाही हा प्रश्न यंत्राचा नव्हताच, पण हे मी त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेवटी दुकानदारच म्हणाला, चार दिवस वापरून पाहा, नाही आवडलं तर परत द्या. हेनी नाव त्याचं. सत्तरीचा गोरा म्हातारा, गुडघ्यापर्यंत मोजे, कानात केस. त्याने आधी पाण्यात औषध टाकलं, मी सलाइनमध्ये टाकायची तितक्याच निगुतीने. तीन दिवसांनी हिरवा रंग मेला आणि पाणी दुधाळ झालं. मेलेलं शेवाळ राखेसारखं तळाशी बसतं म्हणाला. मग यंत्र आणलं. मोठ्या कासवाएवढंच होतं, तिरोचं नाव बरोबर निघालं. खाली रणगाड्यासारखे पट्टे, पुढे ब्रश. हेनी म्हणाला, "मा मोसिदी, चाळीस वर्षं मी नळीवाली यंत्रं विकली. हे पहिल्यांदा भिंतीवर चढताना पाहिलं तेव्हा दुकानात एकटाच होतो, तरी टोपी काढली."

त्याने ते पाण्यात सोडलं. बुडबुडे आले, यंत्र तिरपं झालं, आणि दुधाळ पाण्यात दिसेनासं झालं.

सेगा, पुढचं मी तुलाच लिहू शकते. हेनी निघून गेला होता. तिरो चाकांच्या खुर्चीत सावलीला बसला होता. मी कुंपणाला पाठ लावून उभी. पाणी अगदी शांत. वर काहीच नाही. एक फूल तरंगत होतं, तेही हललं नाही. मी मनात आकडे मोजायला लागले. दोनशे झाले, चारशे झाले. मग माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती माझी मलाच ओळखू आली नाही. "तिरो, ते वर येत नाही! ते वर येत नाही!"

तिरो हसला. "अगं, त्याला फुप्फुसं नाहीत." मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसू तसंच अर्धवट राहिलं. त्याने डावा हात पुढे केला. मी त्याच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसले. दोन तास तसेच बसलो. चहा नाही, जेवण नाही. शेजारणीने भिंतीवरून विचारलं, "कुणाची वाट बघताय?" तर तिरो म्हणाला, "कासवाची."

आणि ते आलं गं. कुणी ओढलं नाही, हाक मारली नाही. पलीकडच्या भिंतीला पाण्याच्या रेषेशी आधी ब्रश दिसला, मग पाठ, मग ते हौदाच्या काठाला टेकून थांबलं, मला उचला म्हणाल्यासारखं. पाण्यात खाली गेलेलं काही आपण होऊन वर आलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी रडत होते की हसत होते, माहीत नाही. आकड्याच्या काठीने ते काठावर ओढलं, पोट उघडलं, तर आत ओंजळभर राख आणि फुलांचा काळा चिखल. तो चिखल मी हाताने धुतला.

चौथ्या दिवशी सकाळी बाहेर गेले आणि दारातच थांबले. हौदाला तळ होता. हसू नकोस. मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळलं की पाण्याला तळ असतो, आणि तो दिसू शकतो. निळ्या फरशा, एक तडकलेली, एका कोपऱ्यात तिरोचा हरवलेला चमचा. ऊन आत शिरून तळावर हलत होतं, जाळीसारखं. आपल्या गावच्या तळ्याचं पाणी चहासारखं तांबडं होतं, आठवतं? गुरांच्या खुरांनी ढवळलेलं. माणसं दोन दिवस काठ्यांनी तळ चाचपत होती, आणि आपण दोघी काठावर. आज त्याचं नाव लिहिते. पोगिसो. आपला धाकटा पोगिसो. तो कुठे आहे हे त्या दोन दिवसांत कुणालाच दिसलं नाही. मी दारात उभी राहून निळा तळ पाहत राहिले आणि किती वेळ गेला ते कळलं नाही.

यंत्र आम्ही ठेवून घेतलं. पुढच्या आठवड्यात ती मुलगी आणि तिचा एक दणकट सहकारी, दोघांनी तिरोला पट्ट्यांत बांधून पायऱ्यांवरून पाण्यात नेलं. मी जपमाळ घेऊन बसावं तशी टॉवेल घेऊन बसले होते. छातीपर्यंत पाणी आलं, आणि सेगा, तो उभा राहिला. पाच महिने ज्याला मी पोत्यासारखं कुशीवर वळवत होते, तो माणूस ताठ उभा राहिला, लग्नाच्या फोटोत आहे तसा. उजवा पाय पुढे टाकला. मग डावा. त्या मुलीने हात सोडला तरी तो उभाच. मी कितीतरी बाळंतपणं केली, कितीतरी माणसांचे डोळे मिटले, पण असं काही पाहिलं नव्हतं. जे पाणी माणूस नेतं तेच पाणी माणूस परत देतं. हे कसं समजून घ्यायचं, मला अजून कळलेलं नाही.

त्या दोघांनी त्याला पायऱ्यांवर बसवलं आणि त्याने मला हाक मारली. "मोसी, ये." मी नाही म्हटलं. "तळ दिसतोय," म्हणाला. "ये." मी झग्यासकट उतरले. पहिली पायरी, दुसरी. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा मी त्याचा डावा हात मोडेल इतका घट्ट धरला होता. पाय तळाला टेकले. फरशी गुळगुळीत, थंड. ती दोघं सामान आवरायला गेली तेव्हा त्याने विचारलं, "त्या दिवशी तू कुणासाठी ओरडत होतीस?" आणि चाळीस वर्षांच्या संसारात जे सांगितलं नव्हतं ते मी पाण्यात उभी राहून त्याला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? ओझं माझ्या डोक्यावर नव्हतं."

तर आता तेच लिहिते. तो गुरुवार होता, आई प्रार्थनेच्या बायकांत गेली होती. मी तेरा वर्षांची, तू नऊ. तुझ्याकडे आणि पोगिसोकडे बघायचं काम आईने मला सांगितलं होतं, तुला नव्हे. मी मात्र मैत्रिणीच्या घरामागे बसले होते. ती चुलीवर लोखंडी कंगवा तापवून माझे केस सरळ करत होती, आणि अर्धंच डोकं झालं होतं. तू धावत आलीस. धापा टाकत होतीस, पाय चिखलाने भरलेले. म्हणालीस, "पोगिसो पाण्यात जातोय, माझं ऐकत नाही, तू चल." मी म्हटलं, "येते. तोवर हा आरसा धर." तू दोनदा म्हणालीस, "ताई, चल ना." मी दोनदा म्हटलं, "हलू नकोस, नीट धर." माझे केस पूर्ण होईपर्यंत तू आरसा धरून उभी होतीस. घरी आई किंचाळत विचारत होती, त्याला एकटं कुणी सोडलं? मी म्हणाले, "सेगा होती त्याच्याबरोबर." तू माझ्याकडे पाहिलंस. बोलली नाहीस. ती मैत्रीण पुढे लवकरच वारली, आणि जाणणाऱ्या आपण दोघीच उरलो. गावाने तुला भावाकडे पाठ फिरवणारी म्हटलं, आईने तुला डर्बनला मावशीकडे पाठवून दिलं, आणि मी सरळ केसांनी शाळेत जात राहिले. दोन वर्षांपूर्वी फोनवर तू घाबरत घाबरत विचारलंस, "ताई, मी तुला बोलवायला आले होते ना? की ते मीच मनाने रचलंय?" मी म्हणाले, "तू लहान होतीस, सोड." त्या गुरुवारी मी तेरा वर्षांची होते. फोनवर मी त्रेसष्ट वर्षांची होते.

मागच्या शनिवारी मी गावी गेले आणि आईला सांगितलं. एक्याण्णव वर्षांची आहे ती, अंगणात शेंगा सोलत होती. तिने मला मारावं असं मला वाटत होतं. ती शेंगा सोलत राहिली, सूप भरेपर्यंत. मग तिने एकच विचारलं, "म्हणजे माझं पोर धावत आलं होतं?" मी म्हटलं, "हो आई. धावत आली होती." ती म्हणाली, "मग आपण अजून इथे काय करतोय? माझा डोईचा रुमाल आण." आता ती माझ्याकडे आहे, आतल्या खोलीत तिची पिशवी दाराशी भरून ठेवली आहे, आणि दिवसातून चारदा विचारते की डर्बन किती लांब. पुढच्या शुक्रवारी आम्ही निघतो. हे पत्र आधी पाठवते आहे, कारण आम्ही का आलो ते तुला आम्हाला पाहण्यापूर्वी कळलं पाहिजे. तू आली होतीस, सेगा. तू रचलेलं नाहीस. मला आत घ्यायचं की नाही ते तू ठरव, मी गाडीत बसून राहीन. पण आईला फार वेळ उभं राहवत नाही, तिच्यासाठी दार उघड.

तुझीच,
जिने तुला आरसा धरायला लावला ती थोरली,
मोसिदी