बावीस मजल्यांनंतरचे दोन जिने

नानपुरा, सुरत
९ मार्च १९७४

प्रिय शकूताई,

माझं पोचल्याचं कार्ड तुला मिळालं असेल. त्यानंतर तुझी दोन पत्रं आली आणि दोन्हींत एकच प्रश्न: वर तुमचं काय बोलणं झालं? मी उत्तर लिहायला बसते आणि उठते. गेले तेरा दिवस असंच चाललंय. परवा बँकेत एका गिऱ्हाइकाला मी दुसऱ्याचंच पासबुक दिलं. शेजारच्या टेबलावरची हंसाबेन म्हणाली, “विजयाबेन, तबियत सारी नथी?” तिने आपुलकीने तब्येतीचं विचारलं गं, पण तेवढ्यानेही मला घाम फुटला. घरी आलं की मागच्या गल्लीतले माग खडखडत असतात. इतकी वर्षं तो आवाज मला ऐकूही येत नसे, आता तो डोक्यात घुसतो. दादा दोनदा म्हणाले, “एका जागी बस जरा.” पण बसवतच नाही.

त्या रविवारी तू मुकुंदरावांच्या आईंना, प्रमिलाबाईंना घेऊन खाली समुद्राच्या कठड्यावर बसलीस, ते मुद्दाम, हे मला कळलं होतं. मुकुंदरावांच्या मित्राचं ऑफिस त्या इमारतीत, म्हणून वर जायला पास मिळाला, नाहीतर आमचं बघणं-दाखवणं पोहे-चहावरच भागलं असतं. लिफ्टमध्ये कान बंद झाले. सुरतेत मी चौथ्या मजल्याच्या वर कधी गेले नाही, आणि तिथे लिफ्टवाला सहजपणे आकडे पुकारत होता. बावीसला तो म्हणाला, “यापुढे पायी.” पाहुण्यांना शहर दाखवायचा सज्जा आणखी दोन जिने वर होता.

पहिला जिना मी हसत चढले. दुसऱ्यावर डाव्या कुशीत ती जुनी कळ आली आणि मला कठडा धरून थांबावं लागलं. मुकुंदराव वरून दोन पायऱ्या उतरले. “बरं वाटत नाही का?” तू शिकवलेलं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं: सर्दी झालीय. ते गिळून मी वर गेले.

वर वारा असा होता की पदर हातात धरून ठेवावा लागला. मुकुंदराव मलबार हिल दाखवत होते, राजाबाई टॉवर दाखवत होते. मी मात्र खाली तुम्हा दोघींना शोधत होते. सापडलात. तुझी निळी साडी, त्यांची पांढरी. तू हात पुढे केलास आणि त्यांनी तुझ्या हातातून काहीतरी घेतलं, शेंगदाणेच असणार. अर्ध्या तासापूर्वी याच बाईंनी स्वतःच्या केसातला अर्धा गजरा तोडून माझ्या केसात माळला होता. “आमच्या घरात मुलगी नाही हो,” म्हणाल्या होत्या. ताई, मला तिथे उभं राहवेना. मी म्हटलं, “मुकुंदराव, मला क्षय झाला होता. एकवीस वर्षांची असताना. मी सोळा महिने मिरजेला दवाखान्यात होते. तेव्हा धुळ्याला आत्याकडे होते, असं तुम्हाला सांगितलंय ते खोटं आहे. आता सहा वर्षं मी ठणठणीत आहे, पण जिने चढताना दम लागतो.”

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “सांगितलंत ते बरं केलंत. माझी काही हरकत नाही.” तुला काय सांगू, मला एकदम रडू यायला लागलं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. “फक्त आईला कधी कळता कामा नये. माझी मावशी याच दुखण्याने गेली. आईने तिची सेवा केली होती. आजही कोणी खोकलं की ती खिडक्या उघडत सुटते. तुम्ही बोलू नका, मी बोलणार नाही. झालं.”

आम्ही खाली आलो तेव्हा तू डोळ्यांनी विचारलंस आणि मी म्हटलं, “छान होतं वर.” फ्लाइंग राणी गाडीची वेळ झाली होती, म्हणून तुला पुढे विचारता आलं नाही.

माणूस वाईट नाही, ताई. दुसरा कोणी असता तर बहाणा करून तिथल्या तिथे खाली उतरला असता. म्हणूनच मला काही ठरवता येईना. हो म्हणावं, संसार करावा, असं दिवसातून दहा वेळा वाटे. पण लगेच डोळ्यांपुढे यायचं ते पुढचं सगळं आयुष्य. मला साधा ताप आला तरी लपवायचा. तोंडात पदर कोंबून खोकायचं. आणि ज्या बाईने बहिणीला डोळ्यांदेखत जाताना पाहिलं, तिच्याच ताटाशेजारी ताट मांडून बसायचं. गेल्या शनिवारी मी मुकुंदरावांना लिहिलं, तुम्हीच आईंना सांगा, मग त्या म्हणतील ते मला मान्य. काल उत्तर आलं: “एवढा हट्ट कशाला? एकदा संसार सुरू झाला की कोण विचारतंय?” ताई, मी विचारीन. रोज विचारीन.

तू दर महिन्याला रात्रभर प्रवास करून मिरजेला यायचीस. बाकी कोणी आलं नाही. डॉक्टरांनी नको म्हटलं तरी माझ्या खाटेवर बसायचीस. ‘ती गोष्ट मिरजेतच राहू दे’ असं तू म्हणालीस ते माझ्यासाठीच, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र तुला आधी. प्रमिलाबाईंना लिहिलेलं पत्र माझ्या पर्समध्ये आहे. त्यात सगळं आहे, दवाखान्यातल्या तारखा, डॉक्टरांचं नाव, शेवटच्या एक्स-रेचा निकाल. ते मी मंगळवारी टाकणार. हे आजच टाकते, म्हणजे तुला मध्ये दोन-तीन दिवस मिळतील. तुमचं दार त्यांच्या दाराला लागून आहे, तू शाळेत असतेस तेव्हा दुपारी तुझी मुलं त्यांच्याकडे जेवतात. हे स्थळही तूच त्यांना सुचवलंस. उद्या त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं तर ते माझ्यामुळे, आणि त्याबद्दल मी तुझी क्षमा मागते. लग्न बहुतेक मोडेल. तरी आज कित्येक दिवसांनी मी जेवले आणि दादांशी पत्ते खेळले. त्या पत्रात मी एकच गोष्ट लिहिलेली नाही: तुला हे ठाऊक होतं की नाही. ते मी कोणालाच सांगणार नाही. पण जमलं तर माझं पत्र पोचायच्या आधी तू स्वतः त्यांच्याकडे जा, बस, आणि सांग.

तुझीच,
विजू